शेवटचा बोल्ट

राजीवनं गिअरच्या डब्याच्या तळाचा स्क्रू सोडला आणि खाली ठेवलेल्या पातेल्यात तेल पडायला लागलं. पातेलं वरणाचं होतं. बूड करपल्यावर शैलानं ते गॅरेजात धाडून दिलं होतं. तेल काळं पडलेलं, घट्ट. शेवटचा थेंब गळेपर्यंत तो उकिडवा बसून बघत राहिला. खरं म्हणजे त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. पण तेल संपलं की डब्याचं कव्हर उघडावं लागणार होतं, आणि गेली दोन वर्षं त्याला तेवढं एक जमलं नव्हतं.

स्नोमोबिल नकुलची, थोरल्या मुलाची होती. पुढे घसरायच्या दोन पट्ट्या, मागे फिरणारा रुंद रबरी पट्टा, बर्फावर भन्नाट पळणारी. नकुल गेला त्या हिवाळ्यात बचाव पथकाच्या माणसांनी ती डोंगरातून काढून घरी आणून सोडली, तेव्हापासून ती गॅरेजात ताडपत्रीखाली उभी होती. त्यांच्यातला एक जण जाता जाता सांगून गेला होता. गाडी एका घळीत नाक खुपसून अडकली होती, वादळ अंगावर आलं होतं, आणि रिव्हर्सचा लिव्हर मागे ओढलेला होता. म्हणजे पोरानं गाडी मागे घ्यायचा प्रयत्न केला होता. पेट्रोल संपेपर्यंत केला होता. मग तो चालत निघाला आणि फार लांब पोचला नाही.

लिव्हर अजून तसाच होता. राजीवनं त्याला हात लावला नव्हता. शैला तर गॅरेजात पाऊलच टाकत नव्हती. तिची गाडी बाहेर बॉथेल गावच्या पावसात भिजत असायची आणि ती पुढच्या दारानं छत्री घेऊन ये-जा करायची. ती आपल्याशी कामापुरतंच का बोलते, हे राजीवला पक्कं ठाऊक होतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

आज मात्र इलाज नव्हता. धाकटी रुही स्पोकॅनहून ट्रेलर घेऊन निघाली होती. बर्फ पडलं की हीच गाडी चालवत तिला त्या घळीपर्यंत जायचं होतं. राजीवनं फोनवर नाना परीनं समजावून पाहिलं.

"बाबा, आय नीड टु सी इट," ती म्हणाली होती. "तुम्ही मशीन चेक केलं नाहीत, तर मी तसंच घेऊन जाईन."

एवढा हट्टीपणा कुणाकडून आला, हे विचारायची त्या घरात सोय नव्हती.

त्यानं फडक्यानं कव्हर पुसलं. चिखल, तेल, मीठ. वरच्या कोपऱ्यातला बोल्ट पुसताना फडकं थांबलं. बोल्टच्या डोक्यावर, खोबणीत, काळपट लाल काहीतरी सुकून बसलं होतं. त्यानं नखानं खरवडलं. कुंकू.

राजीवचे वडील, जगन्नाथराव, इचलकरंजीत यंत्रमाग दुरुस्त करायचे. त्यांच्या वर्कशॉपचा एक नियम होता. यंत्र उघडलं, जोडलं, की शेवटचा बोल्ट जोडणाऱ्यानं आवळायचा नाही. दुसऱ्या कुणाला तरी हाक मारायची. त्यानं यायचं, यंत्र हातानं फिरवून बघायचं, आणि मगच बोल्ट आवळायचा. जोडणाऱ्याला आपली चूक दिसत नाही, एवढं साधं कारण. खंडेनवमीला तर हटकून असं व्हायचं, कारण हत्यारं पूजेला बसायच्या आत सगळी कामं मिटवायची असत. मग त्या बोल्टला कुंकू लागायचं. राजीवनं हा नियम अमेरिकेत आणला. सायकली, वॉशिंग मशीन, मुलांची कपाटं, सगळ्यांचा शेवटचा बोल्ट दुसऱ्याच्या हातचा. खंडेनवमी इथे नेहमी शनिवारीच येते, पंचांग काही का म्हणेना. आजही शनिवार होता.

दोन वर्षांपूर्वीचा तो शनिवारही असाच होता. नकुलनं लॅबमधली चांगली नोकरी सोडली होती आणि टूरिस्टांना बर्फातून फिरवायचा धंदा काढला होता. बापलेकांचं वाजलं. इतकं शिकून टांगा हाकायचा असेल तर हाक म्हणावं, असं राजीव बोलून गेला. त्याच्या अपार्टमेंटला गॅरेज नव्हतं, म्हणून गाडी घेऊन तो इथे आला आणि दिवसभर खाली खुटखुट करत बसला. दुपारी जिन्यातून हाक आली.

"बाबा, लास्ट बोल्ट!"

राजीव वर सोफ्यावर बसून होता. पेपर समोर धरलेला. हाक पुन्हा आली, मग आणखी एकदा, आणि तो ढिम्म हलला नाही. मग टीव्हीचा आवाज वाढवून तिथेच डोळे मिटून पडला. ती हाक अजून यायची. भाजी चिरताना, सिग्नलला थांबल्यावर, अंघोळीच्या पाण्यातून. राग नसायचा त्यात, हेच वाईट. साधी, लाडाची हाक.

आणि हे कुंकू. म्हणजे कुणी येत नाही म्हटल्यावर पोरानं स्वतःच बोल्ट आवळला, स्वतःच देवघरातून कुंकू आणून लावलं. एकट्यानं.  राजीवनं पाना हातात घेतला.

बोल्ट निघाले. कव्हर निघालं. आत चेन, दोन चक्रं आणि बाजूला रिव्हर्सचा गिअर. हा गिअर लिव्हरनं सरळ हलत नाही. मध्ये एक बेचकीसारखा तुकडा असतो, फोर्क. त्याची टोकं गिअरच्या खाचेत बसतात. लिव्हर ओढला की फोर्क सरकतो, फोर्क गिअरला सरकवतो, आणि गाडी मागे जाते. जोडताना फोर्क खाचेत बसला नाही तरी कव्हर छान बसतं. लिव्हरही खटकन हलतो. फक्त गाडी मागे जात नाही.

फोर्क खाचेत नव्हता.

तो खाचेच्या शेजारी, गिअरच्या कडेला टेकून होता. टॉर्च जवळ नेल्यावर कडेवर एक चकचकीत ओरखडा दिसला. लिव्हर पुन्हा पुन्हा ओढल्यावर उठतो तसा. राजीवनं त्यावरून बोट फिरवलं. किती वेळा ओढला असेल, याचा हिशोब बोटाला लागत होता.

पट्टा एकदा हातानं फिरवून बघितला असता तर कळलं असतं. त्यासाठीच तर दुसरा माणूस लागतो. जिन्याच्या बारा पायऱ्या उतरायच्या होत्या फक्त.

तो बराच वेळ गार फरशीवर बसून राहिला. मग उठला, कारण रुही येत होती. गिअर धुतले, चेन पुसली. फोर्क खाचेत बसवला, काढला, पुन्हा बसवला. वॉशर ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं चढवले, चेनचा ताण अंगठ्यानं दाबून पाहिला, तेल गळू नये म्हणून नवी गॅस्केट लावली. कव्हर बसवून समोरासमोरचे बोल्ट जोडीनं आवळत गेला. हात नीट चालत होते. त्या दिवशी आपण खाली उतरलो नाही, हे शैलाला आज सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं. तिला माहीत असलं तरी आपल्या तोंडून सांगायचं. मग ती काय बोलायचं ते बोलेल.

वरचा, कोपऱ्यातला एक राहिला. कुणाला हाक मारावी? रुही पोचायला अवकाश होता. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. त्या जिन्यातून हाक मारायची त्याची हिंमत होईना.

जिन्याचं दार वाजलं. शैला वरच्या पायरीवर उभी होती. हातात कुंकवाचा करंडा आणि दोन शेवंतीची फुलं. ती एकेक पायरी उतरून खाली आली. गाडीकडे न बघता तिनं विचारलं, "किती राहिलेत?"

"एकच."

तिनं करंडा बाकावर ठेवला, त्याच्या हातातला पाना घेतला आणि नेमका त्या बोल्टवर लावला. न चाचपडता. राजीवनं ते पाहिलं.

"थांब," तो म्हणाला. "आधी लिव्हर टाकून पट्टा फिरवून बघायचा. मगच आवळायचा."

"आधी?"

"हो. ते बघण्यासाठीच तर दुसऱ्याला बोलवायचं असतं."

पाना बोल्टवरच राहिला. शैला हळूच म्हणाली, "मला हे माहीत नव्हतं रे."

राजीवनं बोल्टवरून नजर तिच्याकडे वळवली.

"त्या दिवशी मीच आले होते," ती म्हणाली. "तो हाका मारत होता, तू उठत नव्हतास. म्हटलं, पोराचं मन कशाला मोडायचं. त्यानं पाना दिला, मी आवळला, कुंकू लावलं. बस, झालं आई, म्हणाला. फिरवून कुणीच नाही बघितलं. मला वाटायचं बोल्टच नीट आवळला गेला नसेल माझ्याकडून. दोन वर्षं मी हेच घेऊन बसलेय. तुला सांगायची भीती वाटायची."

बाहेर पाऊस वाजत होता. तिनं पहिल्यांदा गाडीकडे पाहिलं.

"तू उघडलंस ना? आत कसं होतं?"

राजीवनं फडकं उचललं आणि हात पुसले. ते आधीच पुसलेले होते.

"सगळं जागच्या जागी होतं," तो म्हणाला. "रिव्हर्स चालत होता. बर्फच तेवढं होतं, शैला. कुणाचीही गाडी निघाली नसती."

"खरं?"

"खरं."

"रुहीची शपथ घेऊन सांग."

खोटी शपथ घेतली की ज्याची घेतली त्याला लागते, असं राजीवची आई म्हणायची, आणि तो तिला हसायचा. शैला त्याच्याकडे बघत होती. करपलेलं पातेलं दोघांच्या मध्ये होतं, तेलानं भरलेलं.

"रुहीची शपथ," तो म्हणाला.

शैलानं श्वास सोडला. मग त्यानं सांगितलं तसं तिनं लिव्हर पुढे ढकलला, मागे ओढला, आणि त्यानं मागून पट्टा फिरवून दाखवला. तिनं बोल्ट आवळला. कुंकू लावलं, फुलं वाहिली, आणि डोळे पुसत हसली सुद्धा थोडीशी. ट्रेलर गेला की माझी गाडी आत घे, म्हणाली, आणि चहा टाकायला वर गेली.

रुही आली तेव्हा चहा निवून गेला होता. गॅरेजचं दार उघडं होतं, डब्यात नवं तेल भरून झालं होतं. राजीव गाडीमागे गुडघ्यावर बसला होता, एक हात लांब करून लिव्हरवर, दुसरा पट्ट्यावर. लिव्हर ओढला, पट्टा मागे फिरवला. लिव्हर सोडला, पुढे फिरवला.

"बाबा, इट्स वर्किंग," ती म्हणाली. "आय कॅन सी इट."

"हो, हो," तो म्हणाला. "एकदाच बघू दे." आणि त्यानं लिव्हर पुन्हा मागे ओढला.