गलबताची दोरी

नत्थुजींनी समुद्र कधी पाहिला नव्हता, तरी धामणगाव रेल्वेच्या त्यांच्या घरात त्यांनी स्वतः घडवायला घेतलेलं एक वीतभर लांबीचं शिडाचं गलबत अर्धवट उभं होतं. नत्थुजी वारल्यावर लेक आकांक्षा अमरावतीहून आली आणि गलबताच्या राहिलेल्या दोऱ्या वळायला बसली. बाबांच्या दोऱ्यांत आपली दोरी वेगळी दिसू नये, एवढंच तिला हवं होतं. शिवणाचे तीन दोरे खिळ्याला बांधून ती पीळ देत होती. उन्हात अंगण पाण्यासारखं हलत होतं. पण तिचा पीळ बाबांच्या पिळाशेजारी उलटा दिसे.

आई दुर्गाबाई म्हणाली, "तुहे बाबा डावखुरे होते ना वं. बैलाचा दोरही उलटाच वळत. सारं गाव हासे, पण बैल कधी सुटला नाही."

आकांक्षानं दोरे डाव्या हातात घेतले. संध्याकाळपर्यंत दोरी हुबेहूब जमली. शेवटची गाठ बसली, तेव्हा गलबत संथ डोलल्यासारखं वाटलं. बाबांच्या हातच्या दोऱ्यांवरून एकदा बोट फिरवावं म्हणून ती वाकली, तर त्यांच्या कोणत्या आणि आपल्या कोणत्या, हे तिला ओळखता येईना.

"काय शोधून राहिली?" आईनं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली, आणि साऱ्याच दोऱ्यांवरून बोट फिरवत राहिली.