अंतराच्या गळ्यातला फोन

अंतराच्या डाव्या दंडावर बटणाएवढा एक सेन्सर चिकटवलेला असे. तो दर काही मिनिटांनी तिच्या शरीरातली साखर मोजायचा आणि आकडा तिच्या फोनला, आणि तिथून आईवडिलांच्या फोनलाही, कळवायचा. साखर उतरायला लागली की फोन असा काही किंचाळायचा की शेजारच्या फ्लॅटमधल्या काकू गॅलरीत येऊन विचारायच्या, "सब ठीक है ना?" पाचवीत असताना तिला मधुमेह झाला होता, गोळ्यांवर न भागणारा, इन्शुलिनचा. त्यामुळे इतर मुलींचा फोन बंद पडला की त्यांची करमणूक थांबे. अंतराचा बंद पडला की तिच्या आईवडिलांचा श्वास अडके.

वडील, माधव, मूळचे साताऱ्याचे. लखनौच्या एका संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले आणि इथलेच झाले. वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत घर घेतलं, पानांच्या रोगांवर निबंध लिहिले, आणि गेली नऊ वर्षं मुलीचा आकडा जिवापाड सांभाळला. आता ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला मे महिन्यात ट्रेकिंग क्लबबरोबर उत्तराखंडात जायचं होतं. पाठीवर आपलं ओझं आपण घेऊन, तंबूत राहत.

"नाही," माधव म्हणाला.

"मग काय जन्मभर आपल्या डोळ्यांसमोर बसवून ठेवणार आहेस तिला?" त्याची बायको उल्का म्हणाली.

दोन दिवस घरात धुसफूस झाली. शेवटी माधवने तोड काढली. जानेवारीत सुट्टी आहे. नैमिषारण्यापासून गोमतीच्या काठाकाठाने लखनौपर्यंत बापलेकींनी चालत यायचं. पाठीवर सॅक, मुक्काम धर्मशाळेत. "हे माझ्याबरोबर करून दाखव. मग पहाडाचं बघू."

"ठीक है, दिखाती हूँ," अंतरा म्हणाली. मराठी तिला सगळी समजे, पण उत्तर हिंदीतच येई. त्याचं घरात आता कुणाला काही वाटत नसे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सामानाचा ढीग पडला. माधवने दोघांच्या फोनसाठी जाड रबरी कव्हरं आणली होती. विटेवर आपटलं तरी काही होणार नाही, असं दुकानदाराने शपथेवर सांगितलेलं.

अंतराने कव्हर हातात घेऊन तोललं आणि परत ठेवलं. "बाबा, यह गिरने से बचाएगा. पानी से नहीं, ठंड से भी नहीं."

"मग तू कुठे ठेवणार? सॅकमध्ये?"

"सॅक में रखा तो सेन्सर का सिग्नल टूटता है. और मैं बैग उतारकर कहीं गई तो? फोन बैग के पास, मैं कहीं और."

तिने फोन आधी चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत घातला, हवा दाबून काढली. पिशवीवरून बोट फिरवून पडदा चालतो ना हे पाहिलं. मग ती पिशवी सुती कापडाच्या बटव्यात सरकवली. बटव्याला दोरी होती. दोरी गळ्यात, बटवा स्वेटरच्या आत, अंगाच्या उबेला. गारठ्यात बॅटरी भराभर उतरते, हे तिने मागच्या हिवाळ्यात कॉलेजला स्कूटीवरून जाताना अनुभवलं होतं. दोरीचं दुसरं टोक तिने अंगातल्या शर्टाच्या काजातून ओवून घेतलं, म्हणजे वाकलं तरी फोन बाहेर लोंबकळणार नाही. रस्त्याचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवला. पॉवर बँक वेगळ्या पिशवीत, कपड्यांच्या मधोमध. आणि फोन दगा देईल तर म्हणून बोट टोचून साखर मोजायचं जुनं मीटर सॅकच्या वरच्या कप्प्यात.

माधव बघत राहिला. त्याला दोन-तीन सूचना करायच्या होत्या. करायला जागा सापडेना.

चालणं सुरू झालं तेव्हा धुकं असं होतं की नदी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. मोहरी फुललेली, पण चार पावलांवरची तेवढीच पिवळी दिसायची; पुढे सगळं दुधात बुडालेलं. ऊन दुपारी तासभर तोंड दाखवून जाई. माधव खुशीत होता. हातात फोन धरूनच चालत होता. प्रत्येक पानावरचा ठिपका, बांधावरचं प्रत्येक तण, धुक्यात उभी असलेली नीलगाय, सगळ्याचे फोटो. संध्याकाळपर्यंत त्याच्या फोनची बॅटरी संपे, मग तो पॉवर बँक लावी. आदल्या रात्री धर्मशाळेत वीज नव्हती, त्यामुळे तिसऱ्या दिवशी त्याची पॉवर बँकही रिकामी झाली.

"तुझी दे ना जरा," तो म्हणाला.

"नहीं बाबा. यह नहीं मिलेगी."

"अगं, थोडीच..."

"फोटो कल भी खिंच जाएँगे."

माधवला लागलं. लहान मुलाच्या हातातला खाऊ काढून घ्यावा तसं वाटलं. पण पॉवर बँक तिने दिली नाही. मधूनमधून ती स्वेटरच्या गळ्यातून बटवा वर ओढे, पिशवीतूनच पडद्यावर नजर टाकी आणि परत आत सोडी. बाकी वेळ फोन कशालाच वापरत नव्हती. गाणी नाहीत, फोटो नाहीत.

शेवटच्या दिवशी सकाळी ते लखनौच्या अलीकडच्या बख्शी का तालाब गावाच्या पश्चिमेला, नदीकाठच्या शेतांमधून चालले होते. वाटेत एक ओढा आडवा आला. पाणी गुडघ्याखालीच, पण दोन्ही काठ चिकणमातीचे, दवाने ओले. अंतरा खाली बसून, हातांनी आधार घेत उतरली आणि पलीकडे चढली. माधव उभ्यानेच उतरला, हातात फोन.

पाय सटकला तेव्हा त्याला आधी एवढंच कळलं की आपण आडवे आहोत. मग घोट्यातून अशी कळ आली की डोळ्यांसमोर अंधारी आली. पाऊल भलत्याच दिशेला वळलं होतं. फोन विटेवर आपटून फुटला नसता, दुकानदार खरं बोलला होता. पण तो ओढ्यात पडला होता आणि गढूळ पाण्यात कुठे गेला ते दिसतही नव्हतं.

"बाबा, हलायचं नाही!"

ती मराठीत ओरडली. ते माधवच्या फार नंतर लक्षात आलं.

ती पाण्यातून परत आली, त्याच्या काखेत हात घालून त्याला कोरड्या जागेवर ओढलं. घामाने तिचा चेहरा चकाकत होता. तेवढ्यात तिच्या स्वेटरच्या आत फोन किंचाळला. तिने बटवा वर काढला, पडदा पाहिला. आकडा उतरत होता आणि त्याच्या शेजारचा बाण सरळ खाली होता, म्हणजे साखर वेगाने घसरत होती. सकाळपासूनचं चालणं, आता हे ओढणं आणि ही घाबरगुंडी.

माधव कण्हत होता. आणि त्याच्या मुलीने, त्याला तसंच कण्हत ठेवून, सॅक उघडली, ग्लुकोजचं पाकीट फाडलं आणि त्याच्या शेजारी बसून पावडर तोंडात टाकली.

"अंतू, पाय..."

"बाबा, पहले मैं, फिर आप," ती तोंड भरलेलं असतानाच म्हणाली. "मैं गिर गई तो यहाँ दोनों पड़े रहेंगे. दस मिनट दीजिए."

मग मीटर काढून तिने बोट टोचलं आणि सेन्सरचा आकडा ताडून पाहिला. बिस्किटं खाल्ली. माधव धुक्यात पडून तिच्याकडे बघत होता. नऊ वर्षं तो तिला हेच शिकवत आला होता, आधी साखर, मग बाकीचं जग. ती ऐकते की नाही याची त्याला कधीच खात्री नव्हती. आता घोटा मोडलेल्या अवस्थेत, चिखलात, त्याला ती खात्री पटत होती आणि दुखण्याच्याही वर त्याच्या छातीत काहीतरी फुलून आलं होतं.

पडद्यावरचा बाण आडवा झाला, साखर स्थिरावली, तशी ती उठली. शेताच्या कुंपणातून बांबूच्या दोन कामट्या उपटल्या, त्याचा बूट न काढता घोट्याच्या दोन बाजूंना लावल्या आणि त्याच्याच मफलरने घट्ट बांधल्या. तो ओरडला.

"अच्छा है, चिल्लाइए," ती म्हणाली. "कोई सुन लेगा."

कुणी ऐकलं नाही. खोलगटात नेटवर्कही नव्हतं. ती बांधावर चढली. माधवला धुक्यातून तिची नुसती सावली दिसत होती, पण आवाज नीट येत होता. तिने रुग्णवाहिकेसाठी फोन लावला. रडणं नाही, फाफटपसारा नाही. आधी कुठे आहोत ते, उतरवलेल्या नकाशावरून, जवळच्या गावाचं नाव आणि देवळापासूनचं अंतर. मग काय झालंय ते. मग, "गाड़ी यहाँ तक नहीं आएगी, पक्की सड़क पर रुकवाइए, मैं इनको वहाँ तक लाने का इंतज़ाम करती हूँ." कसलं इंतजाम, हे तिलाही अजून ठाऊक नव्हतं.

फोन ठेवते न ठेवते तोच वाजला. उल्का. घरी बसून तिला उतरलेला आकडा दिसला होता. अंतराने फोन कट केला.

"अगं, आईचा होता ना!" खालून माधव.

"हाँ. बात करूँगी तो वो रोएगी, फिर मैं रोऊँगी, और बैटरी जाएगी." तिने भराभर संदेश लिहून पाठवला आणि त्यालाही मोठ्याने वाचून दाखवला: मी ठीक आहे, साखर वर येतेय, बाबांचा पाय मोडलाय, बख्शी का तालाबच्या दवाखान्यात ये.

मग तिने हाका मारायला सुरुवात केली. वाटाण्याच्या शेतातून एक शेतकरी आला, गजेंद्र नावाचा. खाली पडलेल्या माधवला पाहून तो काही न विचारता उलटा पळाला आणि ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून घेऊन आला. ट्रॉलीत पेंढा घातला होता. दोघांनी माधवला उचलून वर ठेवलं. सगळ्या वाटेने अंतरा त्याचा पाय मांडीवर धरून बसली होती आणि फोन पुन्हा स्वेटरच्या आत गेला होता. रुग्णवाहिकेच्या चालकाचा दोनदा फोन आला, दोन्ही वेळा तिने पहिल्याच रिंगला उचलला, वळण सांगितलं आणि ठेवला. पक्क्या सडकेवर, धुक्यात दिवे लावून, गाडी उभी होती.

उल्का दवाखान्यात पोहोचली तेव्हा माधवच्या पायाला पट्टी चढत होती. तिने आधी लेकीला कवटाळलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"काय रे हे?"

"हिला विचार," माधव म्हणाला. "मी तर नुसता पडलो. बाकीचं सगळं हिने केलं." आणि पट्टी बांधणाऱ्या डॉक्टरला, त्याने विचारलेलं नसताना, हिंदीत म्हणाला, "मेरी बेटी है."

डॉक्टरने कामट्यांची बांधणी आधीच पाहून ठेवली होती. "अच्छी बाँधी है," तो म्हणाला. माधवने असा चेहरा केला की जणू पद्मश्री मिळाली.

घोट्याला दोन ठिकाणी तडे होते. प्लास्टर पडलं, माधव घरी बसला. संस्थेतले लोक भेटायला येत, आणि प्रत्येकाला तो सगळी हकिकत पहिल्यापासून सांगे. ग्लुकोज खाण्याच्या प्रसंगाशी आला की हमखास थांबे आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघे. "समजलं का? बाप तिथे बोंबलतोय, आणि ही शांतपणे बसून खातेय! याला म्हणतात डोकं." उल्का स्वयंपाकघरातून म्हणे, "झालं परत सुरू."

मार्चमध्ये ट्रेकिंग क्लबचे दीनानाथ सर यांचा माधवला फोन आला. चांगला माणूस, पण आवाजात संकोच होता. डॉक्टरसाहब, असं आहे की मुलीची तब्येत, पहाडातला मामला, आमच्या जबाबदारीवर... घरच्यांनी एकदा नीट विचार केला तर बरं.

अंतरा समोरच बसली होती. तिला पलीकडचा आवाज ऐकू येत नव्हता, पण वडिलांचा चेहरा दिसत होता, आणि ती जागची हलली नाही.

"सर," माधव म्हणाला, "विचार झाला आहे. ती येणार. तिच्या आजाराबद्दल जे विचारायचं ते तिलाच विचारा, माझ्यापेक्षा नीट सांगेल. माझी एकच विनंती आहे. निघायच्या आधी सगळ्या मुलांना एकदा तिच्यासमोर बसवा. फोन कुठे ठेवायचा, गारठ्यात आणि पाण्यात कसा सांभाळायचा, आणि तो कधी वापरायचा नाही, हे ती सांगेल. तुम्हीही बसा."

पलीकडे दीनानाथ सर हसले. म्हणाले, बसतो.

माधवने फोन तिच्याकडे दिला. "घे. तुझ्याशी बोलायचंय त्यांना."

अंतराने फोन घेतला, उठून उभी राहिली, आणि खिडकीपाशी जात म्हणाली, "नमस्ते सर. हाँ, मैं बताती हूँ." माधवने प्लास्टर काढलेला पाय स्टुलावर लांब केला आणि टीव्हीचा आवाज बंद केला.