दोन हजार एकोणिसावी पायरी

मास्तरांनी जन्मात एकच पुस्तक लिहिलं, पण ते पाच वेळा लिहिलं.

शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. कुणाची वेलांटी चुकली की हातातला चहा खाली ठेवून सांगायला उठत, म्हणून ऑफिसनं त्यांना मास्तर करून टाकलं. ऑफिस बनवायचं लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर, आणि मास्तर लिहायचे त्याचं मॅन्युअल. अकराशे पानं, चार हजारांवर पायऱ्या. आधी हे बंद करा, मग ते उघडा, मग त्याला हात लावा. लिफ्ट दुरुस्त करणारे मेकॅनिक ते फोनवर उघडून वाचत. त्यातलाच एक मास्तरांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्यामुळे मॅन्युअलात काना इकडचा तिकडे झाला तर तक्रार थेट घरी, जेवणाच्या ताटावर यायची.

पुस्तक पाच वेळा का लिहावं लागलं, तर मजकूर तोच, पण दर चार वर्षांनी त्याचं घर बदलायचं. पहिलं घर ज्या प्रोग्रॅमात होतं तो बनवणारी कंपनीच बुडाली. दुसऱ्या वेळची फाईल इतकी जड, की उघडायला टिचकी मारून मास्तर शर्ट धूत, वाळवत, इस्त्री करून अंगात घालत, तेव्हा कुठे अनुक्रमणिका दिसे. तिसऱ्यात चित्रं रात्रीतून पानं बदलत. दहाव्या पानावरचा ब्रेक सकाळी नव्वदाव्या पानावर सापडायचा. चौथ्याबद्दल मास्तर बोलतच नसत. पाचवं म्हणजे एक्सएमएल. तिथं प्रत्येक वाक्याला पुढून एक कंस आणि मागून एक कंस, जणू शब्दांना थंडी वाजते. सहाशेव्या पानावर मास्तर एका शीर्षकाचा मागचा कंस लावायला विसरले, आणि तिथून शेवटपर्यंतची पाचशे पानं शीर्षक होऊन बसली. अक्षरं एवढी थोर झाली, की रस्त्यापलीकडचा पहारेकरी खिडकीतून चष्म्याशिवाय वाचायचा. त्याला म्हणे आजही लिफ्टचं तेलपाणी तोंडपाठ आहे.

आणि प्रत्येक स्थलांतरात यंत्र निम्मंच सामान हलवायचं. उरलेलं मास्तर हातानं. ओळ न् ओळ.

सोमवारी मॅडमनी बोलावलं. मॅडम मास्तरांपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण विभाग त्यांचा.

"मास्तर, एक्सएमएलचं ते टूल बंद होतंय. नवीन फॉरमॅट निवडायचाय. तुम्हीच निवडा, शुक्रवारपर्यंत सांगा."

मास्तर खुर्चीत बसले नाहीत, खुर्चीनंच त्यांना ओढून घेतलं. "मॅडम, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. सहाव्यांदा हातानं उतरवायची ताकद नाही आता. मनगट बघा, वाळक्या काटकीसारखं वाजतं."

"म्हणून तर तुम्हाला निवडायला सांगतेय. ज्यात हात लागणार नाही असं निवडा."

बाहेर प्रोग्रॅमर वाटच बघत होता. कुठलंही काम सांगा, "चुटकीसरशी होईल" म्हणायचा, म्हणून त्याचं नाव चुटकी. ताजातवाना, उत्साही माणूस. त्याला नुसतं बघूनच मास्तरांना जांभई यायची.

"मार्कडाउन घ्या मास्तर! साधी मजकुराची फाईल. ठळक हवं तर चांदणीची दोन चिन्हं, शीर्षक हवं तर जाळीचं एक चिन्ह. यादी हवी तर आकडा घाला नि टिंब द्या, यादी आपोआप उभी राहते."

"आपोआप," मास्तर म्हणाले. हा शब्द त्यांनी याआधी पाच वेळा ऐकला होता.

बुधवारी सकाळी चुटकीनं एक प्रकरण नमुन्यादाखल उतरवलं. ब्रेक बदलण्याचं, चौदा पायऱ्यांचं. मास्तरांनी कच्ची फाईल पाहिली. १ टिंब, २ टिंब, एकाखाली एक, शिस्तीत. कंस नाहीत, काही नाही. खूप वर्षांनी आपलंच वाक्य उघड्या चेहऱ्यानं समोर आल्यासारखं वाटलं. "चालेल," म्हणाले, आणि दुवा मेहुण्याला पाठवून दिला. तयार पान कसं दिसतं ते बघायचंही त्यांच्या जिवावर आलं होतं.

अकराच्या सुमारास फोन आला.

"भाऊजी, हे काय पाठवलंय? मॅन्युअल आहे की हरवलेल्या माणसाची जाहिरात?"

"काय झालं?"

"सगळ्या पायऱ्या एकाच परिच्छेदात! सलग, मुंग्यांच्या रांगेसारख्या. मी लिफ्टच्या डोक्यावर उभा, एका हातात पाना, एका हातात फोन. नजर मधेच कुठेतरी पडली. वाचलं, 'ब्रेक मोकळा करा.' करायलाच घेतला होता."

"मुख्य स्विच बंद आहे ना?"

"नाही ना! ते वर कुठेतरी गर्दीत दडलं होतं. ब्रेकला पाना लावल्यावर आठवलं. सवयीनं वाचलो."

मास्तर खुर्चीतून उठलेच. "पाना खाली ठेव. खाली उतर आधी."

"उतरलोय. ताईला काही सांगत नाही, घाबरू नका. पण काम अडलंय. पायऱ्या द्या."

मास्तरांना काही सुचेना, तेव्हा त्यांनी ती कच्ची फाईलच, आहे तशी, मेसेजमध्ये चिकटवून पाठवली. मिनिटाभरानं उत्तर आलं, "हे झकास. एकाखाली एक. हे कसं बरोबर आलं?"

"याला अजून कुणी आपोआप हात लावला नाही," मास्तरांनी कळवलं.

चुटकीनं येऊन स्क्रीनवर पाहिलं नि कपाळाला हात लावला. "आकडे! तुम्ही मराठी आकडे लिहिलेत मास्तर. टूलला फक्त इंग्रजी आकडेच यादी वाटतात. आपले आकडे म्हणजे त्याच्या लेखी नुसती अक्षरं, म्हणून त्यानं सगळ्या ओळी एकमेकींना चिकटवल्या."

"बावीस वर्षं मी मोजतोय, आणि त्याला ते मोजणं वाटत नाही."

"चुटकीसरशी करतो. ओळीच्या सुरुवातीला मराठी आकडा नि टिंब दिसलं की इंग्रजी करायचं, सगळ्या पुस्तकभर. वाचणाऱ्याला पानावर मराठीच दिसतील, ती सोय आहे."

दुपारच्या चहाच्या आत अकराशे पानं उतरलीसुद्धा. याद्या ताठ उभ्या. चुटकीनं पेढे वाटण्याच्या थाटात मॅडमना बोलावलं. मास्तरांच्या मनगटानंही जरा सुटकेचा श्वास घेतला. तेवढ्यात परत मेहुण्याचा फोन.

"भाऊजी, एक शंका. सकाळच्याच दुव्यावर दोरांचं प्रकरण उघडलंय. ही दोन हजार एकोणिसावी पायरी मी आजच करू का? आधीच्या दोन हजार अठरा राहिल्यात. एवढ्या पायऱ्या असतील तर लिफ्ट कशाला लावता, लोकांना जिनाच चढू द्या की!"

मास्तरांनी प्रकरण उघडलं. दोरांची पद्धत कोणत्या साली बदलली याची नोंद त्यांनीच केली होती. ओळीच्या सुरुवातीला २०१९, मग टिंब, मग मजकूर. टूलला ती पायरी वाटली.

मॅडम हसल्या. चुटकीही हसला. "एखादंच असेल असं. मास्तर, मेकॅनिकांना पाठवून देऊ?"

मास्तर हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे लिफ्टच्या डोक्यावर एका हातात पाना घेतलेला माणूस उभा होता. आज सालाची पायरी झाली होती, म्हणून हसू आलं. पण कुठेतरी पायरीचं साल झालं असेल, तर फोन करायला माणूस उरेलच असं नाही.

"एखादं कुठलं, ते सांग."

"आता ते... सगळं वाचल्याशिवाय कसं कळणार?"

"तेच म्हणतो मी."

"चार हजार पायऱ्या? डोळ्यांनी?"

"मग काय, कोपरानं?"

मॅडमचं हसू ओसरलं. "मास्तर, मग दुसरं काही निवडायचं का? अजून दोन दिवस आहेत."

मास्तरांनी डोळे चोळले. दुसरंही आपोआपच असणार होतं. तिसरंही.

"नको. हेच लिहा. याची कच्ची फाईल तरी माणसाला वाचता येते. टूल उद्या बुडालं, तर तेवढी मेसेजमध्ये चिकटवता येईल." त्यांनी चष्मा पुसला. "पण मी बघेपर्यंत एकही पान बाहेर जाणार नाही. तोवर जुनंच चालू द्या."

"किती दिवस लागतील?"

"माझ्याकडे दोन वर्षं आहेत," मास्तर म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, मनगट दोनदा कडकड वाजवलं आणि पहिलं पान उघडलं. पहिल्याच ओळीत 'सूचना'मधला 'सू' ऱ्हस्व पडला होता.