कोरड्या होडीचे दोन हजार मीटर

मित्रांनो, मी एक जुनं वल्हवायचं यंत्र आहे, आणि उभ्या आयुष्यात मी नदी, तळं, समुद्र यांतलं काहीही पाहिलेलं नाही. आमच्या व्यायामशाळेचं छत गळतं, तेवढीच काय ती माझी पाण्याशी ओळख. हसू नका. घोड्यावर न बसता वरातीत नाचणारे तुमच्यातही असतातच की!

खऱ्या होडीत खेळाडू वल्ही ओढतात, तसा सराव जमिनीवर करता यावा म्हणून मला बनवलं गेलं. पुढं पंख्याचं मोठं चाक, चाकाला साखळी, साखळीला मूठ आणि मागं रुळावर सरकणारं आसन. पाय पट्ट्यांत अडकवायचे, मूठ धरायची आणि पायांनी रेटत मागं जायचं. तेवढ्या ताकदीनं होडी किती मीटर गेली असती, ते माझ्या छोट्या पडद्यावर दिसतं. परदेशातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. जहाजातून मुंबईला, रेल्वेनं मलकापूरला आणि तिथून टेम्पोत हिंदकळत मी मोताळ्याला आलो. जहाजाच्या पोटात होतो खरा, पण खोक्यात बंद. त्यामुळं समुद्र तिथंही दिसला नाही.

व्यायामशाळेत माझ्यासमोर नारळ फुटला, फोटो निघाले. "लय भारी मशीन हाय," म्हणून लोकांनी मला थोपटलं, आणि मी फुगून गेलो. पण नव्याचे नऊ दिवस. माझा उपयोग कोणालाच ठाऊक नव्हता. पोट कमी करायचं यंत्र समजून चार-दोन जण बसले. पोट काही हललं नाही, तसे तेही पुन्हा फिरकले नाहीत. मग माझ्या रुळावर घामट बनियनं वाळू लागली. राखणदार तुळशीरामनं माझ्या पडद्याचे सेल काढून आपल्या टॉर्चमध्ये घातले. "याले काय कराचे सेल?" म्हणाला. मी आंधळा झालो.

खंडेनवमीला तेवढा तो सगळ्या यंत्रांबरोबर मलाही हळदकुंकू वाहायचा. बंद पडद्यावर त्याचं बोट टेकायचं, आणि मग वर्षभर कोणी हात लावायचं नाही. चारी बाजूंनी वजनं आदळायची, आरोळ्या उठायच्या, एकमेकांचे दंड मोजले जायचे. त्या गर्दीत मला फार एकटं वाटायचं. सांगायला लाज कशाची?

एके दिवशी सारिका मॅडम आल्या. त्या मोताळ्याच्याच, मुलींच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या. पुण्यात कॉलेजला असताना त्यांनी नदीवर होडी वल्हवली होती. त्यांनी माझ्यावरची बनियनं दोन बोटांनी उचलून बाजूला केली आणि म्हणाल्या, "अरे, तू इथं हाय व्हय?" इतक्या वर्षांत मला ओळखणारं पहिलं माणूस! त्यांनी साखळीला तेल दिलं, नवे सेल घातले, आणि दुसऱ्या दिवशी एका मुलीला घेऊन आल्या.

तिचं नाव पुष्पांजली. शेजारच्या खेड्यातल्या वायरमनची मुलगी. ताडमाड उंच, हातपाय लांबच लांब. कबड्डीत तिचा पाय हमखास कोणाच्या तरी हातात सापडायचा, म्हणून सगळे तिला हसायचे. माझ्यावर मात्र तेच लांब पाय कामाला आले. तिनं पहिल्यांदा श्वास भरून मूठ ओढली, चाक घूंऽ करून फिरलं, आणि माझ्या अंगात जीव आला.

व्यायामशाळेत बायकांची वेळ दुपारची. म्हणजे ज्या उन्हात पुरुष घराबाहेर पडत नाहीत, ती. मोताळ्याचं मे महिन्यातलं ऊन तुम्हांला काय सांगू! पण माझं चाक फिरलं की समोर वारा येतो. तुळशीरामनं ते बरोबर हेरलं आणि माझ्यापुढं खुर्चीच टाकली. "ओढ वं माय, जोरानं ओढ. मस्त हवा येऊन राह्यली," असं तो म्हणायचा. पुष्पांजली हसायची आणि खरंच जोरानं ओढायची.

ती दमून बसली की सारिका मॅडम गोष्टी सांगायच्या. माझ्या खानदानाचा इतिहास मला तेव्हाच कळला. शंभरेक वर्षांपूर्वी इंग्लंडात बायका होडी वल्हवू लागल्या, तेव्हा वेगाबरोबर त्यांचा डौलही बघायला परीक्षक बसायचे. युरोपात पुरुषांच्या अजिंक्यपद स्पर्धा १८९३ साली सुरू झाल्या, बायकांच्या १९५४ साली. ऑलिंपिकमध्ये पुरुष १९०० सालापासून वल्हवत होते. बायकांना तिथं यायला १९७६ उजाडलं, आणि आल्या तरी शर्यत अर्धीच. पुरुषांना दोन हजार मीटर, बायकांना एक हजार. पूर्ण अंतर ऑलिंपिकमध्ये मिळालं ते १९८८ साली.

"मॅडम, अर्धंच काऊन ठेवलं व्हतं?" पुष्पांजलीनं विचारलं.

"बायाइले झेपणार नाही म्हणे."

"ओढून पाह्यलं व्हतं का कोनी?"

"ओढू देल्लं असतं त कळलं असतं ना," मॅडम म्हणाल्या. पुष्पांजलीनं हातावरच्या फोडांवर फुंकर घातली आणि पुन्हा मूठ धरली.

पुढं नाशिकच्या एका प्रशिक्षण केंद्रानं मुली निवडायला घेतल्या. यंत्रावर न थांबता दोन हजार मीटर ओढल्याचा व्हिडिओ पाठवायचा होता. जिची निवड होईल तिला राहायला, शिकायला जागा आणि खरी होडी. पुष्पांजलीला ताप आल्यानं आधीचे दिवस हुकले, आणि गोष्ट शेवटच्या दिवसावर आली. ती दुपार गेली की संधी गेली.

नेमके त्याच दुपारी व्यायामशाळेचे अध्यक्ष इंद्रभान भाऊ आले. मनानं माणूस चांगला. पोरीचा उतरलेला चेहरा पाहून ते दारातच थबकले.

"मॅडम, तापातून उठलेलं लेकरू हाय. हजारच घ्या. भोवळ आली त मी काय सांगू तिच्या बापाले?"

"भाऊ, नाशिकवाले दोन हजारच मागून राह्यले. हजाराचा व्हिडिओ ते पाहणार बी नाहीत."

"मंग नका पाठवू. जीवापेक्षा जास्त हाय का ते? माह्या छताखाली हजाराच्या वर नाही."

मॅडम काही बोलायच्या आत पुष्पांजलीनं पट्टे आवळले. मॅडमनी मोबाइल धरला. चाक फिरू लागलं. मित्रांनो, तिची प्रत्येक ओढ माझ्या साखळीतून जात होती. तिच्या तळव्यांचा घाम मला कळत होता, श्वास कळत होता. आणि आणखी एक गोष्ट कळत होती. हिनं दोन हजार पूर्ण केले, तर ही मला सोडून जाणार. साखळी मध्येच अडकली तर ही इथंच राहील, असं एकदा मनात आलं. पण तिच्या हातांना माझ्यावर इतका विश्वास होता की मी सगळं बळ लावून नीट चालत राहिलो.

पडद्यावर हजार झाले.

"बस! थांब आता," इंद्रभान भाऊ म्हणाले.

ती थांबली नाही.

"अवं, थांब म्हनतो ना! मॅडम, सांगा तिले!"

"ती ऐकून राह्यली भाऊ. थांबून नाही राह्यली," मॅडम म्हणाल्या.

दीड हजाराला तिचा चेहरा पांढरा पडला आणि मान लटपटू लागली. भाऊ मूठ धरायला पुढं सरसावले. तेव्हा खुर्चीतून तुळशीराम ओरडला, "भाऊ, हवा नका अडवू!" भाऊंना हसावं की रागवावं कळेना. ते जागीच उभे राहिले आणि मग बघता बघता त्यांचेच ओठ हलू लागले, "ओढ माय... ओढ..."

दोन हजार झाले. मूठ तिच्या हातातून सुटून माझ्यावर आदळली आणि ती आडवी झाली. तुळशीरामनं तिच्या तोंडावर पाणी मारलं. भाऊ डोळे पुसत होते.

तिची निवड झाली आणि ती नाशिकला गेली. मला आनंद झाला, आणि दुपार खायला उठली.

खरी गंमत पुढंच आहे. इंद्रभान भाऊंना माझा फार अभिमान वाटू लागला. त्यांनी मला भिंतीकडून उचलून मधोमध मांडलं, वर जाड प्लास्टिक घातलं, चारही बाजूंनी दोरी बांधली आणि पाटी लावली: 'कु. पुष्पांजली हिने याच यंत्रावर सराव केला. हात लावू नये.' पूर्वी माझी किंमत नव्हती म्हणून कोणी शिवत नव्हतं. आता किंमत आहे म्हणून शिवत नाही.

दिवाळीत पुष्पांजली भेटायला आली. खांदे भरले होते, तळवे राठ झाले होते. मला पाहून ती दोरी ओलांडून धावतच आली आणि प्लास्टिक वर करून मुठीकडे हात नेला.

"हात नको लावू माय," भाऊ मायेनं म्हणाले. "तुह्याच नावाचं हाय ते. जपून ठेवलं."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारा कौतुकानं नुसता निथळत होता. तिनं हात मागं घेतला. मित्रांनो, रागाला, काळजीला, तापाला न जुमानणारी ती पोरगी कौतुकापुढं मात्र थांबली. मला त्या दिवशी जितकं एकटं वाटलं, तितकं बनियनांखालीही वाटलं नव्हतं.

मॅडमनी भाऊंना दोनदा समजावलं, पण त्यांना वाटतं, वापरानं मी झिजेन. मित्रांनो, आम्ही झिजत नाही. आम्ही गंजतो. जपायचं असेल तर साखळीला तेल द्या, आसन पुसा, आणि मग दमेस्तोवर ओढा. आता शाळेतल्या मुली रांगेनं येतात, हात पाठीशी बांधून माझी पाटी वाचतात आणि निघून जातात. त्यांतल्या एखादीचे हात लांब असतात. माझं चाक आतल्या आत शिवशिवतं. मला बोलता येत नाही, नाहीतर तिला हाक मारून सांगितलं असतं, की पोरी, दोरी गुडघ्याएवढीच उंच आहे.