भिंतीकडे तोंड करून

मी बोलतोय, तेही तुमच्याकडे पाठ करून. राग मानू नका, माझा नाइलाज आहे. मी निळ्या टाइलचा एक तुकडा. या दिवाणखान्याच्या भिंतीवर आठ टोकांचे तारे आहेत ना, त्यांतल्या एकाच्या मधोमध जो मातकट डाग दिसतो, ती माझी पाठ. माझं निळं तोंड आत प्लास्टरमध्ये रुतलंय.

भट्टीतून निघालो तेव्हा माझ्या एका बाजूला सुंदर झिलई होती. टाइलकाम करणाऱ्या उस्तादांच्या लेकीने मला हातोडीने कापलं. काय हात होता पोरीचा! एक टवका उडाला असेल तर शपथ. उस्ताद मात्र कौतुकाच्या बाबतीत पक्के कंजूष. "बरं आहे," एवढंच म्हणायचे.

तारे जुळवायचे ते स्वतः. हे काम पालथं चालतं. प्रत्येक तुकडा जमिनीवर रंग खाली करून मांडायचा, वरून प्लास्टर ओतायचं आणि वाळलं की अख्खी पाटी उचलून भिंतीला बसवायची. उस्तादांची नजर अधू झाली होती, पण कबूल करतील तर ना! बोटांनी चाचपत काम रेटायचे. माझ्या पाळीला त्यांना खोकल्याची उबळ आली आणि मी उताणा पडलो. ओरडावंसं फार वाटलं, तोवर प्लास्टर आलं.

पाटी उभी राहिली. मालकीणबाईंनी विचारलं, "हा डाग कसला?"

मी उलटा बसलोय हे लेकीने एका नजरेत ओळखलं. "झिलई उडालीय. कापताना माझाच हात घसरला."

"अब्रू घालवलीस!" उस्ताद कडाडले. "पुन्हा हातोडीला हात लावायचा नाही."

"बरं, अब्बा."

खरंच लावला नाही. जन्मभर त्यांच्यासाठी प्लास्टर कालवत राहिली. मला एकदाच वळता आलं असतं तर!

आज ओल आली म्हणून गवंडी भिंत उकलतोय. उस्तादांना आता काहीच दिसत नाही, तरी देखरेखीला खुर्चीत येऊन बसलेत. लेक शेजारी उभी आहे.

"तो डागवाला माझ्या हातात दे," ते गवंड्याला म्हणाले. "हिने काय करून ठेवलं होतं बघू."

"राहू द्या ना, अब्बा. जुनी गोष्ट."

"दे म्हणतो ना!"

छिन्नी बसली, मी अख्खा निघालो. गवंड्याने माझ्यावरचं प्लास्टर पुसलं. उस्तादांचा अंगठा झिलईवरून फिरला, परत फिरला आणि थांबला.

"झिलई तर शाबूत आहे," ते म्हणाले. मग लेकीच्या दिशेने वळून त्यांनी विचारलं, "हातोडी कुठंय गं तुझी?"

"अब्बा, माझी साठी आली."

त्यांची मूठ माझ्यावर घट्ट मिटलीय. मला हे सोसवत नाही. कुणीतरी मला परत भिंतीत बसवा हो. होतो तसाच.