डावा मागचा पाय

लोखंडी आकड्याच्या टोकाला कालची माती चिकटलेली होती, वाळून कडक झालेली, आणि ती अंगठ्याच्या नखाने खरवडताना तिच्या लक्षात आलं की आपण गरजेपेक्षा फार जोर लावतो आहोत. नखाखाली टोचलं. टोचू दे. खुरात अडकलेली घाण काढायचा हा आकडा गेले सात आठवडे रोज तिच्या हातात असायचा आणि रोज तीनच खुरांना लागायचा. चौथ्याला, डाव्या मागच्या पायाला, काजळी कुणाला हात लावू देत नव्हती.

देत होती. आधी देत होती! हे ती मनातल्या मनात इतक्यांदा ओरडली होती, तरी राग शिळा होत नव्हता. काजळी तीन वर्षांची गाढवीण, डोळ्यांभोवती काळी कड म्हणून काजळी, जन्मली तेव्हा पहिल्यांदा हिनेच पुसून कोरडी केलेली. त्या पायाचा खूर वाढून जरासा चिरला, आणि दादाला घाई झाली. दादाला कायमच घाई. ही बाजारात गेलेली असताना त्याने पायाला दोर बांधून तो वर ओढला, दुसऱ्या हाताने कान पिळून धरला, वेडावाकडा खूर कापला आणि ही परत आल्यावर अभिमानाने सांगितलं, "एवढं काय अवघड होतं त्यात? हललीसुद्धा नाही. तूच उगाच लाडावून ठेवलीयेस."

हललीसुद्धा नाही! अरे, गाढव घाबरलं की पळत नाही, थिजतं. घोडा उधळतो, कुत्रं भुंकतं, गाढव मात्र दगडासारखं उभं राहतं, आणि माणसं म्हणतात, किती गुणी जनावर. ट्रॅक्टर चढत नाही त्या वरच्या शेतातला सगळा माल या चार गाढवांच्या पाठीवरून खाली येतो, त्यांच्यात वाढलेल्या माणसाला एवढं कळू नये? या घरात 'गाढवा' अशी हाक मारली तर पाच जण वळून बघतील, असं आई म्हणायची. पाचवं कोण ते सांगायची नाही, नुसती दादाकडे बघून हसायची.

पण त्या दिवशी यातलं एक अक्षर ती दादाला बोलली नाही. अगदी जिभेवर आलं होतं... वहिनी म्हणाली, "जाऊ द्या ताई, जेवून घ्या आधी," आणि ती जेवली. वर भातसुद्धा मागून घेतला.

मग सात आठवडे. आधी नुसता खांद्यावर हात. मग पाठीवरून खाली, मांडीपर्यंत. कातडी थरारली की तिथेच थांबायचं, काजळीने श्वास सोडला की हात काढून घ्यायचा. कधी दिवसभरात दोन बोटं पुढे सरकायची, कधी चार बोटं मागे. वहिनी कुंपणापलीकडून विचारायची, "आज कुठवर पोचलात?" जणू ही यात्रेला निघाली होती. पाचव्या आठवड्यात गुडघा. सहाव्यात घोटा. परवा खूर जमिनीवरून उचलला गेला, क्षणभर, आणि हिच्या डोळ्यांत पाणी आलं. काल दोनदा.

आणि आज खूर कापायला नालबंद येणार. तो दोन महिन्यांतून एकदाच फिरकतो, आणि सकाळी दादाने दात घासता घासता जाहीर केलं होतं, "आज नाही दिला तिने पाय, तर मी तिला पाडून बांधणार. तो माणूस काय रोज येतो?" पाडून. तोंडात फेस घेऊन म्हणाला. ती गोठा झाडत राहिली, पण झाडूने तीच ती जागा तिने इतकी झाडली की खालची जमीन उकरली गेली.

नालबंद आला, सुरी आणि कानस फडक्यावर मांडली, हिच्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुम्हीच मागा पाय. तुमच्या ओळखीची आहे."

तिने पाठीवरून हात खाली नेला. मांडी, गुडघा, घोटा... आणि काजळीने पाय दिला. सरळ, पहिल्याच मागणीला. नालबंदाने तो आपल्या मांडीवर घेतला आणि सुरी चालू लागली.

"वा! काय शांत आहे हो!"

"मग? एकदा दोर बसला की सगळं येतं," दादा म्हणाला. "माझ्याच हाताचा गुण."

तुझ्या हाताचा? सात आठवडे उन्हात मी वाकले, कंबर माझी मोडली, आणि... ती उसळून बोलणारच होती, तोंड उघडलंच होतं, तेव्हा तिची नजर काजळीच्या तोंडाकडे गेली.

ओठ घट्ट मिटलेले. रोज बाकीचे तीन पाय देताना खालचा ओठ सैल लोंबायचा, काहीतरी चघळल्यासारखं चालायचं. आज काही नाही. शेपूट आत दाबलेली, पापणी लवत नव्हती. हिने तिच्या पोटाला हात लावला. पोट ताठ, श्वास वरच्या वर.

थांबा म्हणायला हवं होतं. पाय खाली ठेवा, तिला श्वास घेऊ द्या. पण थांबा म्हटलं की खूर अर्धा राहणार, दादा दोर आणणार, आणि म्हणणार, बघ, मी सांगत होतो. त्याच्यापुढे हरायचं? आज? सुरीखालून खुराचे पांढुरके काप पडत राहिले. ती काजळीच्या मानेशी उभी होती, चेहरा अगदी शांत ठेवून — हा चेहरा तिला चांगला जमायचा. जनावरांच्या दवाखान्यात काम मिळत होतं, राहायच्या सोयीसकट, तेव्हा बाबांनी पाहुण्यांना सांगितलं होतं की ती आईजवळच राहणार, तिची काही हरकत नाही. आणि ही दारात पाण्याचा तांब्या घेऊन याच चेहऱ्याने उभी होती. शहाणी आहे माझी, बाबा म्हणाले होते. आणि मी... मी पाणी दिलं सगळ्यांना.

"झालं!" नालबंदाने कानस फिरवली, पाय खाली ठेवला. "चीर निघाली. अशी चार जनावरं मिळाली तर माझी कंबर वाचेल."

दोघं हसत चहाला आत गेले. ती मागे राहिली. खूर नीट झाला होता, सुबक, सपाट, आता काजळीला लंगडावं लागणार नव्हतं, दोर येणार नव्हता. जिंकलो आपण, असं काहीतरी म्हणायला ती मागे वळली. हात पाठीवरही टेकला नव्हता, तिने नुसता उचलला होता, एवढ्यात काजळीचा डावा मागचा पाय वर आला.

"अगं, नको. मागितला नाही मी."

पाय वरच.

"ठेव. ठेव ना खाली."

तीन पायांवर, न हलता, काजळी समोर कुठेतरी बघत उभी होती. हिने खूर दोन्ही हातांत धरून हळूच जमिनीवर टेकवला. हात काढला, तर तो पुन्हा वर. सात आठवडे मी हिला काय शिकवलं? माझ्या हाताने शिकवलं की त्याच्या दोराने, आता कुणाला विचारू? दादाला शिव्या घालाव्यात म्हणून तिने मनात दादाला उभा केला, पण तो नीट उभाच राहीना. सारखा पुढे येत होता तो तिचा स्वतःचा हात, मऊ, धीराचा, रोज दोन बोटं पुढे सरकणारा.

आतून दादाने हाक मारली, "अगं, चहा—"

"आले," तिच्या तोंडून निघून गेलं, त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत. आणि त्या एका शब्दाचा तिला जेवढा राग आला, तेवढा दादाचा आयुष्यात कधी आला नव्हता.