फाटकातल्या मुंग्या

जोहान्सबर्गच्या एका वसाहतीत ल्वाझी मेकॅनिकने फाटकाच्या मोटरचं झाकण उघडलं आणि नाक दाबलं. आत मुंग्यांचं वारूळ आणि सर्किटला कुजून चिकटलेली एक पाल. ही घाण त्याने ब्रशने काढली. खरी घाण पुढे होती. कुणी मध्ये आलं की फाटक थांबवणारे दोन्ही सेन्सर फाटकाच्या दोन बाजूंना हवेत, ते एकाच खांबावर, समोरासमोर बांधून टाकले होते. आता मध्ये हत्ती आला तरी फाटक थांबणार नव्हतं.

"मीच बांधायला लावले," वसाहतीचे चेअरमन ग्रोबलर म्हणाले. "फाटक थांबलं की गाडीमागून चोर घुसतात. तू मुंग्यांचं बघ."

"मग बंद होताना मध्ये उभे राहा, साहेब. चाचणी घेऊ."

ग्रोबलरांनी मागे वळून हाक मारली, "मा दिकेलेदी, जरा इथं उभी राहा गं!"

धुणीभांडी आटोपून निघालेली म्हातारी थबकली. "साहेब, तुमच्या गाडीचे सुटे भाग मिळतात. माझ्या कंबरेचे नाही मिळत."

ल्वाझीने मोटर फाटकापासून सोडवून ठेवली. "सेन्सर जागेवर बसवू देईपर्यंत हातानं ढकला. चारशेच किलो आहे."

घामाघूम ग्रोबलर फाटक ढकलत राहिले. मा दिकेलेदी मधोमध, सावकाश चालत बाहेर पडली.